उकळत्या पाण्याचं बटण

हडपसर, पुणे
१२ ऑक्टोबर २००३

मुक्ताताईस,
प्रेमलाचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. माधवचा बंगलोरला पगार सुरू झाला, तो तुला कपडे धुण्याचं मशीन घेऊन देतोय, आणि तोंड पुढे असलेलं घ्यावं की वर असलेलं, असं विचारतेस. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला विचारायची पाळी आली म्हणजे दुकानदाराने तुझं डोकं पुरतं फिरवलेलं दिसतंय. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन शेजारच्या घरी. मी इकडून हॅलो म्हणते आणि तिकडे सगळी आळी कान लावते. म्हणून लिहिते. चुका काढत बसू नकोस.

आमचं पुढच्या तोंडाचं आहे. यंदा ह्यांची कंपनी बंद पडली, व्हीआरएसचे पैसे आले, तेव्हा ह्यांनी घेतलं. मी नको म्हणत होते. घ्यायचंच तर वरच्या तोंडाचं घ्या, स्वस्त पडतं, म्हटलं. तर दुकानात हा माणूस एकच गोष्ट विचारत उभा. "कपडे उकळून निघतात का?" तो टाय लावलेला मुलगा म्हणाला, पुढच्या तोंडाच्या मशीनमध्ये पाणी आतल्या आत तापतं, हे बघा बटण. झालं. किंमतसुद्धा नीट विचारली नाही. पावती फाडली.

आता गुण ऐक. पाणी फार कमी लागतं. पावडर चिमूटभर. कपडा फाटत नाही, कारण वरच्यासारखा मधे घुसळायचा दांडा नाही, नुसते वर जातात आणि पडतात. पिळून इतके कोरडे येतात की दिवाळीचे पडदे सकाळी धुतले, दुपारी लावले. वर सपाट आहे, त्यावर मी पिठाचा डबा ठेवते.

दोष पण ऐक. एकदा दार लागलं की लागलं. मोजा बाहेर राहिला तर बस बोंबलत, दोन तास उघडत नाही. वाकून वाकून कंबर जाते. जमीन जरा वरखाली असली की धुताना चालायला लागतं, आमचं एकदा मोरीपासून दारापर्यंत आलं होतं. टाकीच्या पाण्याला जोर नसला की बंद पडतं आणि लाल दिवा दाखवतं, जसं काही माझीच चूक. पातळं आणि रुपालीच्या ओढण्या अशा गुंततात की सोडवता सोडवता हाताने धुतलं असतं तर बरं वाटतं. दाराला आतून रबराची घडी असते, ती रुमाल खाते. खरंच खाते. ह्यांचे चौकड्याचे रुमाल एकामागून एक गेले. आणि उकळूनसुद्धा डाग निघतीलच असं नाही. ह्यांच्या बनियनवरचे चहाचे डाग जसेच्या तसे.

पण सगळ्यात मोठा गुण सांगायचा राहिला. ज्या माणसाने जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नाही, तो आता स्वतःचे कपडे स्वतः धुतो! मला मशीनला हात लावू देत नाही. "तुला इंग्रजी बटणं कळत नाहीत," म्हणतो. मीही म्हटलं, नाहीत कळत, धुवा. माझे आणि रुपालीचे मग रुपाली वेगळे लावते.

आमच्या रुपालीला एक स्थळ आलंय. लोणी काळभोरचं. जमलं तर कळवते. यज्ञेश्वर भाऊजींना नमस्कार.

तुझी,
प्रेमला

पुसद
२४ ऑक्टोबर २००३

चि. प्रेमलास,
मुक्ताताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आणि तुझे भाऊजी इतके हसलो की शेजारीण पाहायला आली. मशीन चालत आलं म्हणते! इथं चाललं तर थेट बसस्टँडवर जाईल.

आमच्या आळीत नळ चार दिवसांनी येतो हे तू विसरली. पुण्याची झाली ना. मशीनला जोराचं पाणी लागत असेल तर मी काय त्याच्यासमोर बादली घेऊन हात जोडून बसू? माधव म्हणतो वर टाकी बसवून देतो. पोट्ट्याला वाटतं आईचे गुडघे मशीनने बरे होतात.

पण प्रेमला, एक विचारते. राग आणू नको. बाप्पा, कोणता नवरा स्वतःचे कपडे धुतो? तुझ्या भाऊजींना मी हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ही पुण्याची हवा आहे. पण मला खरं वाटत नाही. पुरुषमाणूस कपडे लपवून धुतो तेव्हा काही तरी लपवत असतो. कोणी बाई तर नाही ना? ते राखणीला असतात त्या कॉम्प्युटरच्या इमारतीत पोरी खूप असतात म्हणे. आणि रुमाल काहून हरवून राहिले? रुमाल कोणी आठवण म्हणून ठेवून घेतं. तू एकदा खिसे पाहा.

स्थळाचं काय झालं ते कळव. मुलगा काय करतो?

मुक्ताताई

हडपसर
९ नोव्हेंबर २००३

ताईस,
नमस्कार.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बाई! ह्यांना! मगरपट्ट्यात ते गेटवर उभे असतात, निळा शर्ट आणि शिट्टी. मोटारी थांबवून डिकी उघडायला लावतात. त्या पोरी त्यांना काका म्हणतात, तेसुद्धा पास विसरल्यावर. पंचवीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्याच्या मागे कोणती बाई लागणार आहे? मीच लागत नाही.

तुला टीव्हीवरच्या मालिका कमी कर म्हणून सांगते.

हो, बारीक झालेत. मान्य. पँट शिंप्याकडून दोनदा आत घेतली. मी म्हटलं बरं झालं, कंपनीतल्या कँटीनने सुटलेलं पोट गेलं. उभं राहायचं काम आहे. धुळीने खोकतात. हडपसरला सगळेच खोकतात, रस्ता खणून ठेवलाय. झोपायला गॅलरीत जातात, आत उकडतं म्हणून. नोव्हेंबरात कसलं उकडतंय, पण उठतात तेव्हा बनियन भिजलेलं असतं खरं. ताट वाटी वेगळं काढून ठेवलंय, म्हणतात ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, तुमच्या उष्ट्यात माझं नको. मी म्हटलं बरं, नखरे वाढलेत.

आणि ते उकळत्या पाण्याचं बटण रोज. रोज! लाइटचं बिल बघून मी ओरडले. तर म्हणतात, "उकळल्याशिवाय कपडा स्वच्छ होत नाही, प्रेमला." एवढी स्वच्छता लग्नात असती तर मी सुखी झाले असते.

आनंदाची बातमी. लोणीचं स्थळ जमलं. मुलगा दत्तप्रसाद, कॉम्प्युटरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम करतो. मला लगेच आवडला. त्याची आई सुशीलाबाई, शेतीवाली, मोठ्या आवाजाची. बघायला आले तेव्हा हे दारातच उभे राहिले, आत येईनात, बोलताना तोंडावर रुमाल. मला इतकी लाज वाटली. लग्न उन्हाळ्यात धरायचं म्हणतात. हे मात्र एकच म्हणतात, लवकर करा, लवकर करा.

मशीन परवापासून बंद आहे. पाणी तापत नाही. माणूस बोलावलाय. त्यालाच सांगणार आहे, आतले सगळे रुमाल काढून दे.

प्रेमला

पुसद
२० नोव्हेंबर २००३

प्रिय प्रेमला,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तुझे भाऊजी म्हणाले, पाठवू नको. मी पाठवून राहिली आहे.

बाईचं मी थट्टेत लिहिलं होतं. आता थट्टा नाही.

तुझं लग्न होऊन तू पुण्याला गेली, सासरच्या घरात फार राहिलीच नाही. मी मात्र त्यांच्या मागच्या गल्लीत राहते, लहानपणापासून पाहिलं आहे, तू तेव्हा पाळण्यात होती. तुझ्या रंगरावांच्या वडिलांना क्षय होता. त्यांच्या अंगणात चुलीवर एक मोठा हंडा असायचा, त्यात म्हाताऱ्याचे कपडे वेगळे उकळायचे. ताट वेगळं. झोपणं ओसरीवर. आम्ही पोरं त्या अंगणाला वळसा घालून जायचो. हंडा ढवळायचं काम रंगरावांकडे होतं. हातात काठी घेऊन उभा असलेला तो पोरगा मला अजून दिसतो.

त्यांची बहीण वच्छी. तिचं लग्न ठरलं होतं. टिळा झाला होता. मुलाकडच्यांना हंड्याचं कळलं आणि नारळ परत आला. मग दुसरं कोणी आलंच नाही. म्हातारा गेल्यावरही नाही. त्या घराला क्षयाचं घर म्हणायचे. वच्छी तशीच राहिली, तशीच गेली.

वेगळं ताट, बाहेर झोपणं, भिजलेलं बनियन, उकळतं पाणी, तोंडावर रुमाल. प्रेमला, मी शिकलेली नाही, पण हे मी एकदा पाहिलं आहे. बनियनवरचे डाग चहाचे आहेत का ते नीट पाहा.

मी चुकीची निघाली तर मला शिव्या दे. मी वाट पाहून राहिली आहे, तुझ्या शिव्यांची.

मुक्ताताई

हडपसर
२ डिसेंबर २००३

ताई,

शिव्या नाहीत.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मशीनवाला येऊन गेला होता. शहाबाज नावाचा, इथलाच. मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "काकू, हे रोज नव्वदवर कोण लावतं हो? लोक वर्षातून एकदा लावत नाहीत." पाणी तापवायची कांब जळाली होती, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसून. मी म्हटलं, ते राहू दे, आतले रुमाल काढ. त्याने रबर उलटं केलं, खालची जाळी काढली, पाइप सोडला. एक सेफ्टी पिन निघाली, एक शर्टाचं बटण, आठाणे. "बास?" म्हटलं. "बास. काकू, रुमाल पाण्यात विरघळत नाही. आत गेला असता तर मला सापडला असता."

मी त्याच्याशीच भांडले. म्हटलं तुला शोधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मशीन बंद होतं तरी हे आपले कपडे स्वतःच गरम पाण्यात धुवून टाकायचे. वाचलं आणि ह्यांचं बनियन दोरीवरून काढून उजेडात धरलं. ताई, रक्ताचा डाग थंड पाण्याने निघतो. गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो आणि चहासारखा दिसतो. हे वयात आलेल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. बाईलाच माहीत असतं. मला हातात मिळालं असतं तर ओलं असतानाच कळलं असतं. इतकी वर्षं ह्या माणसाचे कपडे घासले, कॉलरवरून मी सांगायचे आज साहेब ओरडला की नाही. आणि नेमकं आता दोन तास बंद होणाऱ्या दारामागे.

तशीच रिक्षा केली आणि गेटवर गेले. हे खुर्चीवर बसले होते, शिट्टी गळ्यात. मला बघून उठले. म्हटलं, "खिसा दाखवा."

"प्रेमला, लोक बघतायत."

"बघू द्या. खिसा दाखवा."

काढला रुमाल. घडी केलेला होता. मी उलगडला. ती गळ्यात पासच्या पट्ट्या घातलेली पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी आत जात होती, कोणाचं लक्ष नव्हतं.

म्हणाले, कामावर येताना कालव्यात टाकतो. लग्न झालं की दवाखान्यात जाणार होतो. आधी गेलं तर नाव लिहून घेतात, घरी बघायला येतात, आळीला कळतं, लोणीला कळतं. मी म्हटलं, "कळू दे ना!" तर एवढंच म्हणाले, "वच्छी."

बास. पुढे काही नाही. मी लोकांदेखत त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथूनच महापालिकेच्या दवाखान्यात नेलं, गणवेशातच. थुंकी तपासली, फोटो काढला. क्षयच. डॉक्टरीण पोरगेली आहे, पण स्पष्ट बोलते. एक बाजू फार खराब झालीय, उन्हाळ्यातच आले असते तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरे झाले असते, आताही गोळ्या सुरू करू, बघू. मी तिला विचारलं, कपडे रोज उकळायचे का? तर म्हणाली, "कपड्यांनी पसरत नाही हो हा आजार. खोकल्याने पसरतो. तोंडावर रुमाल धरला तरी पुष्कळ." ह्यांनी खाली बघितलं. मशीन घेतलं ते त्या एका बटणासाठी, आणि ते बटणच नको होतं.

माझी आणि रुपालीची तपासणी झाली. आम्हाला काही नाही. तेवढं मात्र त्यांनी राखलं.

आता ऐक. मी उद्या लोणीला जाणार आहे. सगळं सांगणार आहे. हे पाया पडायचे बाकी राहिलेत, जाऊ नकोस म्हणून. रुपाली रडतेय. मी जाणार. नारळ परत यायचा असेल तर येऊ दे, मी फोडून खाईन. पण ह्या माणसाला आता कुठलीच वस्तू लपवू देणार नाही.

प्रेमला

पुसद
१० डिसेंबर २००३

प्रेमला,

पत्र मिळालं. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. जाते म्हणाली, गेली का? काय म्हणाले? शेजारी फोन कर. आळी ऐकेल तर ऐकू दे.

मुक्ताताई

हडपसर
१८ जानेवारी २००४

ताईस,
नमस्कार.

फोनवर सगळं सांगता आलं नाही, तुझ्या शेजारणी मधेच रडायला लागल्या.

मी लोणीला गेले तेव्हा सुशीलाबाई गोठ्यात होत्या, हाताला शेण. मी बसले पण नाही. उभ्यानेच सांगितलं, आमच्या ह्यांना क्षय आहे, लपवला होता, आता तुमची मर्जी. त्यांनी हात धुतले. म्हणाल्या, "आवं, येवढंच? मला वाटलं पोरीनं दुसरं लगीन ठरवलं काय. आमच्या थोरल्या दिराला झाला हुता की. गोळ्या खाल्ल्या सा महिनं. आता बगा, कोपऱ्यात बसून भाकरी खातोय चार. तुमच्या मालकांनी तवाच सांगितलं असतं तर म्या धरून न्हेलं असतं दवाखान्यात." आणि चहा टाकला. मी तो चहा कसा प्यायले मला माहीत नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. गॅलरीत बसले होते. विचारलं, "खरंच असं म्हणाल्या?" म्हटलं हो. थोड्या वेळाने परत, "गोळ्या खाल्ल्या म्हणाल्या?" हो. जेवताना परत तेच. मग म्हणाले, "मग मी कशाला..." आणि ताट बाजूला सारलं. ताई, त्यांच्या जिवाची मला भीती वाटली नव्हती एवढी त्या अर्ध्या वाक्याची वाटली.

गोळ्या चालू आहेत. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन नर्सबाईसमोर घ्यायच्या. मी बरोबर जाते. आता खोकला कमी आहे. मी त्यांना परत आत झोपायला आणलं, खिडकीजवळ.

मशीन दुरुस्त केलं, पण ती पाणी तापवायची कांब बसवून घेतली नाही. शहाबाज म्हणाला साध्या पाण्यावर चालेल. पहिल्या दिवशी मी ह्यांचे शर्ट, माझी पातळं, रुपालीच्या ओढण्या, सगळं एकत्र आत कोंबलं. हे ओरडले, "माझे नको त्यात." म्हटलं, "डॉक्टरणीपेक्षा शहाणे आहात का? कोणतं बटण दाबू ते सांगा." समोर पाट टाकून बसले आणि सांगितलं. मग दोघं बघत बसलो काचेतून. टीव्ही तिकडे चालू होता आणि आम्ही कपडे बघतोय. मधेच हसायला लागले. म्हणाले, "बघ, तुझ्या पातळाने माझा हात धरलाय." खरंच, शर्टाची बाही गुंडाळली गेली होती पदरात. बाहेर काढल्यावर सोडवायला किती वेळ लागला. मी शिव्या दिल्या. ते म्हणाले सावकाश सोडव, फाटेल.

लग्न लवकर करायचं ठरलंय, फेब्रुवारीत, लोणीलाच. सुशीलाबाई म्हणाल्या, व्याह्यांना खुर्ची देऊ, उभं राहायला नको. तू गुडघ्यांची कारणं सांगू नकोस. ये.

प्रेमला

हडपसर
३ मार्च २००४

ताई,

तू लग्नाहून गेलीस आणि चारच दिवसांनी सकाळी चहा घेताना ह्यांना रक्ताची उलटी झाली. थांबलीच नाही. दवाखान्यात पोचायच्या आत गेले. रुपाली आणि जावई आले आहेत. फोन लागला नाही म्हणून तारेबरोबर हे कार्डही टाकते. माधवला कळव. तुला जमलं तर ये.

प्रेमला

पुसद
३० मे २००४

चि. प्रेमलास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून परत येऊन इतके दिवस झाले, तुझं एक अक्षर नाही. तेराव्यापर्यंत तुझ्याजवळ होती तेव्हा एक पाहिलं. सगळ्यांचे कपडे तू हातानेच धूत होती, ढिगाने. सुशीलाबाई मशीनकडे गेल्या तर तू त्यांच्या अंगावर धावली.

माधव परत विचारून राहिला आहे. वर टाकी बसवली त्याने, नळ घातला. आता नुसतं मशीन आणायचं बाकी. मी त्याला सांगितलं नको. जे तुझ्या घरात असं झालं ते माझ्या घरात नको. तो रागावला, म्हणतो मशीनचा काय दोष.

तू सांगशील तसं करते. आणि उन्हाळा आहे, डोक्यावर पदर घेत जा. माझ्याकडे ये थोडे दिवस.

मुक्ताताई

हडपसर
१३ जून २००४

मुक्ताताईस,
नमस्कार.

सगळे म्हणतात, लेकीचं लग्न बघून गेले, भाग्यवान. शेजारी म्हणतात, लोणीवाले म्हणतात, तूपण म्हणालीस. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला लग्न नको होतं, तो माणूस हवा होता. लग्नाला काय, ते केव्हाही झालं असतं. त्यांनाच ते खरं वाटत नव्हतं. हातात काठी घेतलेला तो पोरगा हंड्यापासून हललाच नव्हता, ताई. पुण्यात येऊन, लेथ चालवून, एवढी मोठी लेक करून, तो तिथेच उभा.

मला राग येतो. रडू कमी येतं, राग जास्त येतो. मशीनचा नाही. माधव बरोबर बोलतोय. मशीनमध्ये जे टाकलं ते त्याने धुतलं, त्याला सांगितलं तेवढं तापवलं. राग ह्यांचा येतो, आणि ते समोर नाहीत, म्हणून मग तुझा येतो, सुशीलाबाईंचा येतो. त्यांना सांगितलं मी नंतर. म्हणाल्या, "धावा की अंगावर, मी कुटं पळून चाललीय."

पहिल्या पत्रात तू विचारलं होतंस. आता नीट सांगते, कारण आता मला कळतं.

घे. तुझे गुडघे गेलेत, मोरीत बसून कपडे घासायचं वय नाही. पुढच्या तोंडाचंच घे. जमीन सपाट करून घे. कामं झाली की दार उघडं ठेवत जा, नाहीतर रबराला वास लागतो. महिन्यातून एकदा जाळी काढून धुवायची. रुमाल खात नाही ते, मी उगाच आळ घेतला होता.

पण कपडे आत तू टाकायचे. माधव सुट्टीला आला आणि म्हणाला मी टाकतो, तरी नाही. भाऊजी म्हणाले तर अजिबात नाही. एकेक कपडा उलटा करून, उजेडात धरून, मग टाकायचा. कॉलर बघ. बनियन बघ. रुमालाची घडी उलगड. भाऊजी हसतील, हसू दे. डाग दिसला तर विचार. खोटं बोलले तर परत विचार. आणि रक्ताचा असला तर थंड पाणी.

मी परवा लावलं मशीन. पहिल्यांदा एकटीने. बटणं माहीत नव्हती असं नाही, ह्यांनी नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता माझ्यासाठी, साध्या पाण्याच्या बटणावर. रुपालीची बाटली असणार. कधी दिला मला माहीत नाही, मी ते मशीन पुसलं तेव्हा दिसला. पाट टाकून बसले समोर. दोन तास बसले.

त्या पत्रात मी एक दोष लिहिला होता, पातळं गुंततात म्हणून. तो खोडून टाक. रुपालीच्या ओढण्या लोणीला गेल्या. आता आत माझी तीन पातळं असतात, दार उघडलं की सुटी सुटी हातात येतात. काही सोडवावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात येते. गाडी सकाळी पोचते. माधवला सांग, दुकानात मी बरोबर येईन.

तुझी,
प्रेमला